पागोळीचे पाणी

(भिवंडीच्या रात्रीच्या प्रौढ वर्गात, परसबाग करणाऱ्या एका बाईंनी केलेले भाषण)



वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "आज तुम्ही बोला." मी म्हटले, "बाई, मी काय बोलणार? मी काही पुस्तके वाचलेली बाई नाही." बाई म्हणाल्या, "तुम्ही घरी जे केलं, ते सांगा." म्हणून उभी राहिले आहे. मी केले ते सांगते. आणि माझे चुकले तेही सांगते. माझ्या चुकीवरून तुम्ही शहाणे झालात, तर तुमचे पैसे वाचतील आणि दुखणेही वाचेल.

आधी एक प्रश्न विचारते. पाऊस लागला की छपराच्या कडेवरून पाण्याच्या धारा गळतात. त्यांना आपण पागोळ्या म्हणतो. हे पागोळीचे पाणी पुढे कुठे जाते?

अंगणातून गटारात जाते. गटारातून नाल्यात. नाल्यातून कामवारी नदीत, नदीतून खाडीत, आणि खाडीतून समुद्रात. चार महिने हे असेच चालते. आणि मे महिन्यात आपणच हंडे घेऊन रांगेत उभे राहतो. खरे की नाही?

मीही उभी राहत होते. तिथूनच सुरुवात करते.

जुलै आणि मे

आमचे घर दोन खोल्यांचे. वर सिमेंटचा पत्रा. मागे छोटेसे परस आहे, दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब. माझे यजमान यंत्रमागावर कामाला होते. सासूबाई आपल्या तालुक्यातल्याच एका खेड्यातल्या. त्यांना परसाशिवाय करमत नसे. त्यांनी मागे अळू लावले होते. मिरची होती, केळ होती, तुळस होती. एक कढीपत्ता होता, तो त्यांनी माहेरून आणून लावला होता. बारा वर्षांचे झाड ते.

पाऊस आला की सासूबाई पागोळीखाली भांडी मांडीत. हंडा, घमेले, पातेले, जे हाताला लागेल ते. मला हसू येई. मी म्हणे, "आई, घरात नळ आहे ना! हे कशाला?"

त्या म्हणत, "नळ माणसाच्या हातात. पाऊस देवाच्या हातात. दोघांशी सलोखा ठेवावा."

मग २००५ सालचा जुलै आला. २६ जुलैचा तो दिवस तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या एका दिवसात मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे सदतीस इंचांहून जास्त. आपल्या भिवंडीतही हाहाकार उडाला. आमच्या घरात गुडघाभर पाणी होते. पोरीला फळीवर बसवली आणि रात्रभर आम्ही घमेल्याने पाणी बाहेर फेकत होतो.

त्यानंतर दहा महिन्यांनी मे महिना आला. नळाची धार करंगळीएवढी झाली. एक घागर भरायला पाव तास लागे. प्यायलाच पुरेना, तर झाडांना कुठून घालायचे? अळू वाळले. केळीची पाने करपली. सासूबाई चहाची भांडी विसळलेले पाणीसुद्धा कढीपत्त्याला नेऊन घालीत. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "सूनबाई, जुलैत पाण्याला घमेल्यानं हाकलून लावलंस. आता बोलव ना त्याला!"

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. पण ते माझ्या मनाला लागले. घर तेच आणि छप्परही तेच. जुलैत पाणी नको नको होते आणि मे महिन्यात थेंब नाही. ही गोष्ट काही बरी नव्हे, असे मला वाटले.

कवटीचे पिंप

मी ठरवले, हंडे-पातेली पुरायची नाहीत. मोठे पिंप आणायचे. २००६ सालच्या जूनमध्ये मी भंगारातून एक निळे पिंप घेतले. अगदी स्वस्तात मिळाले. मला फार आनंद झाला. थोडा वास येत होता, म्हणून साबणाने तीनदा धुतले. पिंपावर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर इंग्रजीत आणि हिंदीत काहीतरी छापले होते. एक चित्रही होते. मला तेव्हा वाचता येत नव्हते. ज्याला वाचता येत नाही, तो चित्राकडेही नीट बघत नाही. मी तो कागद ओला करून अर्धा खरवडून काढला आणि पिंप पागोळीखाली ठेवले.

दोन दिवसांत पिंप भरले. पुढे पावसाने आठ दिवस उघडीप दिली. मी ते पाणी झाडांना घातले. चार दिवसांत मिरचीची पाने वळली. आठ दिवसांत अळूला डाग पडले. पंधरा दिवसांत कढीपत्त्याची सगळी पाने गळून गेली. भर पावसाळ्यात तो झाड नव्हे, काठी होऊन उभा राहिला.

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. ती शाळेतून आली, पिंपाजवळ गेली आणि उरलेला कागद वाचू लागली. मला म्हणाली, "आई, यावर विष लिहिलंय. ही बघ कवटी."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कढीपत्त्याकडे बघितले. त्या ओरडल्या नाहीत. फक्त एवढेच म्हणाल्या, "पोर हे पाणी प्यायली असती तर?"

त्या रात्री मला झोप आली नाही. झाड गेल्याचे दुःख होतेच. पण घरात विष आणून ठेवले आणि त्यावर लिहिलेले मला कळले नाही, याची लाज त्याहून मोठी होती. त्याच महिन्यात मी रात्रीच्या वर्गात नाव घातले. असाच वर्ग, अशाच सतरंज्या. अ, आ, इ, ई मी तिथेच शिकले.

आपल्या गावात रंगाचे, धुलाईचे कारखाने आहेत. चहूकडे मालाची गोदामे आहेत. रिकामी पिंपे पुष्कळ मिळतात. म्हणून ही गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या पिंपात रंग, तेजाब, औषधी फवारा किंवा कसलेही रसायन होते, ते पिंप पाण्यासाठी कधीही घेऊ नका. धुतल्याने ते शुद्ध होत नाही. पिंप नवे घ्या. नाहीतर ज्यात खाण्याचे तेल किंवा खाण्याचाच दुसरा माल होता असे पक्के माहीत आहे, तेच घ्या. कागद फाटलेला असेल, वास येत असेल, विकणारा नीट सांगत नसेल, तर फुकट मिळाले तरी घेऊ नका.

एक इंच, एक पिंप

वर्गात आम्हाला लांबी-रुंदीचा गुणाकार शिकवला. बाई म्हणाल्या, "घरचं काहीतरी मोजून आणा." कुणी चटई मोजली, कुणी दार मोजले. मी छप्पर मोजले.

माझे छप्पर वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद. पण पाऊस कसा मोजायचा? बाईंनी सांगितले ते असे. सरळ कडांचे भांडे उघड्यावर ठेवले आणि त्यात एक इंच पाणी साठले, की एक इंच पाऊस पडला. जेवढी जागा उघडी, तेवढ्या सगळ्या जागेवर तो एक इंच पडला.

आता हिशेब बघा. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद छप्पर घ्या. त्यावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे २३५ लिटर पाणी होते. थोडे उडून जाते, थोडे पत्रा ओला होण्यात जाते. तरी दोनशे लिटर हाती लागते. बाजारात मिळणारे मोठे निळे पिंप दोनशे लिटरचेच असते. म्हणून हे घोकून ठेवा: दहा फूट बाय दहा फूट छप्पर, एक इंच पाऊस, एक पिंप.

माझे छप्पर याच्या दुप्पट आहे. म्हणजे एका इंचाला दोन पिंपे. आपल्या भागात वर्षाला साधारण शंभर इंच पाऊस पडतो. कधी थोडा कमी, कधी जास्त. शंभर इंच म्हणजे माझ्या छपरावर दोनशे पिंपे! चाळीस हजार लिटर! मी वहीत आकडा लिहिला आणि माझा मलाच विश्वास बसेना. मी तो गुणाकार तीनदा केला. एवढे पाणी दरवर्षी माझ्या डोक्यावरून गटारात जात होते, आणि मी एका घागरीसाठी शेजारणीशी भांडत होते.

घरी येऊन मी सासूबाईंना हिशेब सांगितला. त्या म्हणाल्या, "हे मला ठाऊक होतं. फक्त मोजता येत नव्हतं."

उघडे तोंड

दुसऱ्या वर्षी मी चांगले पिंप आणले, खाण्याच्या तेलाचे. पागोळीखाली ठेवले. झाडे हिरवीगार झाली. मला वाटले, आता जमले. पण मी पिंपावर नुसती एक फळी टाकली होती. बाजूने चार बोटे फट होती.

त्या सप्टेंबरात पोरीला ताप आला. अंग मोडून आले, डोळे दुखू लागले, अंगावर लाल पुरळ उठले. रक्त तपासले, तेव्हा डेंग्यू निघाला. आठ दिवस ती दवाखान्यात होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात पाणी साठवता का? झाकण घट्ट आहे का?" मी खाली मान घातली.

देवाच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या हाताने पोर बरी झाली. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हे पाणी आपल्याला लाभत नाही. ते पिंप टाक भंगारात." मलाही ते पटले. मी पिंप ओढत दारापर्यंत आणले. तेवढ्यात गल्लीत फिरणारी आरोग्यसेविका आली. तिने विजेरी लावून पिंपात बघितले आणि मला बोलावले. पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. ती म्हणाली, "ताई, दोष पाण्याचा नाही. दोष उघड्या तोंडाचा आहे."

तिने मला समजावले, ते तुम्हाला सांगते. डेंग्यूचा डास घाणेरड्या गटारात नव्हे, तर घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. तो दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करून, आतून घासून, कोरडे केले, की डास तयारच होत नाही. नुसते पाणी ओतून चालत नाही. अंडी पिंपाच्या आतल्या अंगाला चिकटून बसतात आणि कोरडी होऊनही महिनोन् महिने टिकतात. म्हणून काथ्याने घासायचे. आणि तोंडाला झाकण असे हवे, की त्यातून मुंगीसुद्धा जाऊ नये.

मोठा हौद असेल, रिकामा करता येत नसेल, तर त्यात गप्पी मासे सोडतात. ते अळ्या खातात. आरोग्य खात्याच्या माणसांना विचारले की ते सांगतात.

पिंप मी भंगारात दिले नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्या घरी दर शुक्रवारी पिंप घासले जाते. एकही शुक्रवार चुकलेला नाही.

मांडणी कशी करावी

आता कामाची गोष्ट. ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहून घ्या. ज्यांना अजून येत नाही त्यांनी शेजाऱ्याकडून घ्या.

पहिली गोष्ट, छप्पर. मे महिन्यात छपरावरचा पाला, कचरा, पक्ष्यांची घाण काढावी. आपल्या गावात कारखान्यांतली कापसाची बारीक धूळ पत्र्यावर बसते. पाऊस आला की तिचा लगदा होतो आणि पाण्याची वाट तुंबते. पण सिमेंटच्या पत्र्यावर चढू नका. तो पायाखाली फुटतो. आणि तो कोरडा खरवडूही नका. त्याचा भुगा छातीला वाईट असतो. शिडीवर उभे राहून, पाणी मारून, लांब दांड्याच्या मऊ झाडूने साफ करावे. विजेच्या तारा जवळ असतील तर जाणत्या माणसाला बोलवावे.

दुसरी गोष्ट, पन्हळ. छपराच्या कडेला पन्हळ लावावी. पत्र्याची मिळते. नाहीतर प्लास्टिकची मोठी नळी मधोमध चिरून तारेने बांधावी. दहा फुटांना एक-दीड इंच उतार पिंपाच्या बाजूला द्यावा. उतार नसेल तर पाणी पन्हळीतच साचते, आणि तिथेही डास होतात.

तिसरी गोष्ट, पहिले पाणी. पहिल्या पावसाचे पाणी छपरावरची सगळी घाण घेऊन येते. ते पिंपात घेऊ नका. पहिले एक-दोन चांगले पाऊस जाऊ द्या. पुढेही चार-सहा दिवस उघडीप झाली, तर नंतरच्या पावसाची पहिली पंधरा मिनिटे नळी बाजूला ठेवा.

चौथी गोष्ट, गाळणे. पिंपाच्या तोंडाला कापड दुहेरी करून घट्ट बांधावे, त्यावर बारीक जाळी. आपल्या गावात कापडाला तोटा नाही. जाडसा मांजरपाट चांगला. आठवड्याला ते कापड काढून धुवावे.

पाचवी गोष्ट, चौथरा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन. भातांच्या पोत्यांचा ढीगच म्हणा ना. ते डगमगत्या फळीवर ठेवू नका. विटांचा पक्का चौथरा दीड फूट उंच बांधावा. खाली तोटी लावावी, म्हणजे बादली नीट बसते. तोटी तळापासून चार बोटे वर असावी. खालचा गाळ पाण्यात येत नाही. झाकणाला दोरी किंवा कडी हवी. लहान मूल वाकून आत पडू शकते, हे विसरू नका.

सहावी गोष्ट. हे पाणी पिण्याचे नव्हे. झाडांना घाला, फरशी पुसा, अंगण धुवा. पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरू नका. दारी आलेल्या पाहुण्याला कळावे, म्हणून मी पिंपावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: झाडांचे पाणी. माझ्या हाताने लिहिलेली ती पहिली पाटी.

सगळ्यांत मोठे पिंप

आता तुमच्यापैकी कुणीतरी हिशेबी माणूस म्हणेल, "ताई, दोनशे पिंपे पाणी येतं म्हणता. घरात पिंपं किती? दोन. मग बाकीचं गेलंच ना?"

बरोबर आहे. मलाही हा प्रश्न पडला होता. माझ्या झाडांना रोज दोन बादल्या पाणी लागते, म्हणजे तीस लिटर. एक पिंप सहा-सात दिवस पुरते. दोन पिंपे दोन आठवडे. पाऊस थांबला की ऑक्टोबरच्या मध्याला पिंपे रिकामी. मे महिना तर फार लांब. कुणी तुम्हाला सांगेल की एक पिंप ठेवा आणि वर्षभर बाग करा, तर ते खोटे समजा.

मग पिंपाचा उपयोग काय? पावसाळ्यात मधेच आठ-दहा दिवस कोरडे जातात, तेव्हा रोपे वाचतात. ऑक्टोबरचे ऊन निभावते. आणि तेवढे दिवस नळाचे पाणी पिण्याला उरते. एवढा उपयोग खरा आहे, आणि तो काही थोडा नाही.

पण उरलेले पाणी वाया घालवायचे नाही. सासूबाईंनी ती वाट दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं, पायाखाली केवढं मोठं पिंप आहे! त्याला झाकण लागत नाही आणि त्यात डास होत नाही." म्हणजे जमीन.

पिंप भरले की वरच्या नळीतून जादा पाणी बाहेर पडते. ती नळी आम्ही परसाच्या लांबच्या टोकाला नेली. तिथे तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा खणला. तळाला मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, वर जाड वाळू. त्याला शोषखड्डा म्हणतात. त्यात पाणी उभे राहत नाही, हळूहळू जमिनीत जिरते. खड्डा घराच्या भिंतीपासून दहा फूट तरी लांब असावा, नाहीतर पाया ओला होतो. संडासाच्या टाकीजवळ तर मुळीच नको. आणि पाणी शेजाऱ्याच्या भिंतीकडे जाणार नाही, हे आधी बघावे. पाण्यावरून झालेली भांडणे लवकर आटत नाहीत.

खड्ड्याच्या कडेने आम्ही केळ आणि अळू लावले. त्यांना ओल आवडते. शेवगा आणि कढीपत्ता जरा लांब, कोरड्या बाजूला. पाऊस संपता संपता झाडांच्या बुडाशी वाळलेले गवत आणि पालापाचोळा चार बोटे जाड पसरतो. म्हणजे जमिनीवर ऊन पडत नाही आणि ओल टिकते. पाला जाळू नका बरं का. पाला जाळणे म्हणजे जमिनीचे पांघरूण जाळणे.

आणखी एक युक्ती. भाजलेल्या, पण न रंगवलेल्या मातीचे मडके दोन रोपांच्या मधे गळ्यापर्यंत पुरावे. त्यात पाणी भरून वर झाकणी ठेवावी. मडक्यातून पाणी झिरपते आणि मुळांशीच जाते. वरून ओतलेले पाणी अर्धे उन्हात उडते, तसे याचे होत नाही.

मे महिन्यातही माझी बाग पूर्वीसारखी वाळत नाही. हिरवीगार असते असे मात्र म्हणणार नाही. मिरची मी मार्चमध्ये काढूनच टाकते. पण केळ जगते, अळूचे कंद जगतात, कढीपत्ता जगतो. भांडी विसळलेले पाणी आणि मडके यांवर ती झाडे जून गाठतात.

ज्यांना परस नाही, चाळीत गॅलरीच आहे, त्यांनीही हात जोडून बसू नये. खाण्याच्या तेलाच्या डब्याला बुडाशी भोके पाडा, माती भरा, मिरची, कोथिंबीर, तुळस लावा. पागोळीची एक बादली, झाकण लावून, तेवढ्याला पुरते. आणि चाळीचे छप्पर सगळ्यांचे मिळून मोठे असते. दहा घरांनी मिळून एक पन्हळ आणि एक टाकी केली, तर खर्च वाटला जातो.

जुन्या माणसांचे शहाणपण

ही काही नवी विद्या नव्हे. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. तुमच्यापैकी कुणी पोरांबरोबर सहलीला गेले असेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे बौद्ध भिक्षू राहू लागले. डोंगर खडकाचा. मग एवढ्या माणसांना पाणी कुठून? त्यांनी खडकात वरून बारीक पाट कोरले. पावसाचे पाणी त्या पाटांतून खाली येते आणि लेण्यांच्या दाराशी कोरलेल्या टाक्यांत साठते. त्या टाक्यांना तेव्हा पोढी म्हणत. कुणी टाके खोदवून दिले, त्याचे नाव दगडावर कोरलेले आहे. आपल्या शेजारच्या कल्याणच्या एका सोनारानेही तिथे पाण्याचे टाके दान दिले होते. त्याचे सोने कुठे गेले, कुणाला ठाऊक नाही. त्याने दिलेल्या टाक्याचा लेख मात्र अजून आहे.

आपल्या कामतघरचा वऱ्हाळदेवीचा तलाव बघा. गडावरची टाकी बघा. सगळीकडे एकच रीत आहे. पाणी जिथे पडते तिथेच त्याला थांब म्हणायचे.

आणि नाही म्हटले तर काय होते, तेही जवळच दिसते. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे. ते १८९२ साली पुरे झाले. भातसा धरणही तिथेच. त्यांचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाते. तानसाचे नळ तर आपल्या भिवंडी तालुक्यातून जातात. पण त्याच शहापुरातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघतात. पाऊस तिथे थोडा पडतो असे नाही. भरपूर पडतो. पण डोंगरावरून वाहून जातो, आणि पाड्यावर त्याला अडवणारे काही नाही. मुंबईच्या लोकांनाही पाणी हवेच. त्यांचा राग करून उपयोग नाही. पण दूरचे पाणी दुसऱ्याच्या हिशेबाने येते. छपरावरचे पाणी आपल्या हिशेबाने येते. म्हणून दोन्ही हवीत.

एका घराने शोषखड्डा केला म्हणून सगळ्या गल्लीची विहीर भरत नाही. तसे मी सांगणार नाही. पण एक घर करते तेव्हा शेजारचे बघते. आमच्या गल्लीत आज सात घरांना पन्हळ आहे. त्यांत मोमीन आहेत, पद्मशाली आहेत, आगरी आहेत, कुणबी आहेत. पावसाला जात नसते, आणि डासालाही नसते. म्हणून शुक्रवारी सगळ्या गल्लीत पिंपे घासण्याचा आवाज येतो.

शेवटचे

सासूबाई आता नाहीत. शेवटच्या पावसाळ्यात त्या खाटेवर होत्या. बाहेर पाऊस लागला की विचारीत, "पिंप भरलं का गं?" मी म्हणे, "भरलं, आई." मग विचारीत, "झाकण लावलंस?" मी म्हणे, "लावलं." मग त्या डोळे मिटून घेत.

त्यांचा जुना कढीपत्ता माझ्या अज्ञानाने मेला. तो काही परत येणार नाही. पण त्याच जातीचे रोप मी त्यांच्या माहेराहून पुन्हा आणले. आता ते माझ्या डोक्याच्या वर गेले आहे. गल्लीतल्या बायका फोडणीसाठी पाने न्यायला येतात. मी कुणाला नाही म्हणत नाही. फक्त एक अट घालते. पाने न्यायची असतील, तर आधी पिंपावरची पाटी वाचून दाखवायची.

जून आता तोंडावर आला आहे. मी तुम्हाला घरी करायला एकच काम देते. दोरी घ्या. आपल्या छपराची लांबी मोजा, रुंदी मोजा. छपराला हात पोचत नसेल तर खालून भिंत मोजा. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा. आलेल्या आकड्याला शंभराने भागा. जे उत्तर येईल, तेवढी पिंपे पाणी दर इंच पावसाला तुमच्या घरावर पडते. तो आकडा वहीत लिहा आणि खाली सही करा. अंगठा नको, सही करा.

पुढच्या बैठकीला मी येणार आहे, आणि सगळ्यांच्या वह्या बघणार आहे.